कोल्हापुरात माझी पिशवी जिंकली

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या नाशकात लोक दोनच गोष्टी विचारतात. अंबाबाईचं दर्शन झालं का, आणि रस्सा कसा होता. दर्शन झालं. रस्सा उत्तम होता. मी तिथे एक स्पर्धा जिंकून आले, हे मात्र मी आपणहून कोणाला सांगत नाही. ज्यांना जाहिरातीतून कळलं ते अभिनंदन करतात आणि मी विषय बदलते. इथे एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे सारखा विषय बदलायला नको.

माझा धंदा पिशव्यांचा. दप्तरं, डब्याच्या पिशव्या, लग्नात वाटायच्या झोळ्या, असं आम्ही चौघी मिळून शिवतो. गोदावरीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं त्या वर्षी शेजारच्या काकूंची सगळी कागदपत्रं भिजून लगदा झाली. ती त्यांनी गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातलेली मी पाहिली आणि एक पिशवी शिवली. आत रबरी अस्तर, तोंड दुमडून आवळायची पट्टी, कडेने फोम. पाण्यात पडली तर बुडत नाही आणि आत थेंब जात नाही. मला तिचं फार कौतुक होतं.

त्याच सुमारास कोल्हापूरच्या एका कारखान्याची जाहिरात फोनवर आली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, नाव घेण्याजोगं त्यांनी काही केलेलं नाही. ‘महापुरात उपयोगी पडेल अशी एक वस्तू सुचवा. कल्पना तुमची, कारखाना आमचा.’ आलेल्या कल्पनांतून पाच निवडून कोल्हापुरात मांडायच्या, लोकांनी फोनवरून मतं द्यायची, आणि जी जिंकेल ती वस्तू कारखाना पुढच्या पावसाळ्याच्या आत बनवणार. माझ्या भाचीने सांगितलं की याला क्राउडसोर्सिंग म्हणतात. “कंपनीतल्या दहा जणांना जे सुचत नाही, ते बाहेर कुणाला तरी सुचलेलं असतं ना मावशी, ते शोधायचं.” मला पटलं. अजूनही पटतं. शोधून सापडल्यावर त्याचं काय करतात, ते पाहायला मात्र मला कोल्हापूरपर्यंत जावं लागलं.

मिसळ आणि म्हैस

सकाळी बसमधून उतरले तर रिक्षावाला म्हणाला, “काय पावणं, कुठनं आलासा?” आमच्याकडे रिक्षावाला आधी कुठे जायचं ते विचारतो. इथे आधी कुठून आलात, मग काय काम, मग जेवण कुठे करणार, आणि शेवटी जायचं कुठे. मी नाशिक म्हटल्यावर त्याने मिसळीचा विषय काढला. आमच्यात मिसळीबरोबर पाव, इथे स्लाइस. आमच्यात पापड, इथे पापड म्हटल्यावर हॉटेलवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मागितलेला पापड मनातल्या मनात परत केला. पण कट झकास होता, डोळ्यांतून पाणी आलं आणि प्रवासाचा शीण गेला.

प्रदर्शन एका मोठ्या सभागृहात होतं. निखिल नावाचा प्रकल्पप्रमुख मुंबईहून खास आणलेला, गोड बोलणारा. आम्ही पाच जण, पाच टेबलं. तिघांचं काही इथे सांगत नाही, कारण त्यांचं पुढे काही झालंच नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर होते भूपाल मगदूम. पन्नाशीचे, उंच, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, आणि आवाज मैदानावरून मैदानाबाहेर जाणारा. कुरुंदवाडला त्यांचं पेंड आणि सरकीचं दुकान. जैन घराणं, शेती, गोठा, सगळं आहे. टेबलावर त्यांनी पत्र्याची छोटी ट्रॉली ठेवली होती, तिच्या मागे घडीचा उतार, आणि उतारावर पत्र्याचीच म्हैस.

माझी पिशवी त्यांनी उचलली, उलटी केली, वास घेतला. “पिशवी हाय की ही.”

“हो, पिशवीच आहे.”

“मग ठीक हाय,” असं म्हणून ठेवून दिली. मला हा माणूस मुळीच आवडला नाही.

दिवसभर मी त्यांचं बोलणं ऐकत होते, न ऐकायची सोयच नव्हती. त्यांची कल्पना साधी होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून लावायचा लोखंडी उतार. वर रबर, म्हणजे खूर घसरत नाही. दोन्ही बाजूंना पत्र्याचे बंद कठडे, म्हणजे जनावराला कडेचं पाणी दिसत नाही आणि ते बुजत नाही. एका म्हाताऱ्या माणसाला एकट्याने म्हैस ट्रॉलीत चढवता आली पाहिजे. बघायला आलेल्या कॉलेजच्या मुलीने विचारलं, “पण काका, म्हैस पोहते ना?”

“पोहतीया की. पोहून जाईल कुठं? जयसिंगपूरला?”

ती हसली, पण दुसऱ्या एका गृहस्थांना त्यांनी “म्हस कधी जवळनं बघिटलीया का?” असं विचारलं, तेव्हा ते गृहस्थ रागावून निघून गेले. निखिल येऊन हळूच म्हणाला, “मगदूम सर, जरा फ्रेंडली.” मगदूम त्याला म्हणाले, “सायेब, पाणी येतंय हे आमास्नी कळत न्हाई व्हय? दोन दिस आदी कळतंय. तरीबी माणसं घरात का बसत्यात? म्हशी सोडून कोण निघंल? आदी म्हस हलली पायजे, मग माणूस हलतोय. ह्ये लिवून घ्या.” निखिलने मान डोलावली आणि त्यांचा फोटो काढला.

आबांची खानावळ

रात्री जेवायला लॉजवाल्याने जवळची खानावळ सांगितली. ती होती आबा चव्हाणांची. ती ज्या पेठेत आहे तिचं नाव लिहीत नाही, मला तिकडे पुन्हा जेवायला जायचं आहे. आबा त्यांच्या तालमीचे मोठे कार्यकर्ते. तालीम म्हणजे पूर्वी कुस्तीचा आखाडा, आता तिथे जोर फुटबॉलचा. भिंतीवर संघाचे फोटो, त्याखाली तांबडा आणि पांढरा रस्सा वाटीत नव्हे, तांब्यात आणून ओतणारी माणसं. आमच्याकडे ‘अजून वाढू का’ विचारतात. इथे वाढतात आणि मग विचारतात.

आबांनी समोर बसून चौकशी केली. मी स्पर्धेचं सांगितलं. बाकीचे स्पर्धक कोण, त्यांनी विचारलं. मगदूमांचं नाव ऐकून त्यांचा हात तांब्यावरच थांबला.

“भूपाल मगदूम? कुरुंदवाडचा? उंच?”

“हो. ओळखता?”

“ओळखतोय की. ऑफसाईड.”

मला वाटलं हे टोपणनाव असेल. ते टोपणनाव नव्हतं, आरोप होता. मगदूम शाळा-कॉलेजला शिवाजी पेठेत मामाच्या घरी राहिलेले. तिथल्या संघातून ते खेळायचे आणि एका अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी त्यांनी आबांच्या संघावर गोल मारला. आबा गोलरक्षक होते. त्यांच्या मते मगदूम पाच पावलं पुढे होते, पंचाने शिट्टी मारली नाही. आबांनी मला मीठ, लिंबू आणि कांद्याच्या फोडी ताटात मांडून तो गोल दाखवला. लिंबू म्हणजे मगदूम. मी ताटाकडे बघून ‘खरंच ऑफसाईड दिसतंय’ असं म्हणाले. पाहुण्याने म्हणायचं म्हणून म्हणाले. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही.

“पावणं,” आबा उठून म्हणाले, “तुमी आता आमच्या पेठंचं.”

त्या जेवणाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मला वाटलं, काय दिलदार माणसं.

डिजिटल

दुसऱ्या दिवशी खानावळीच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता. कोल्हापुरात फ्लेक्सला ‘डिजिटल’ म्हणतात. डिजिटलवर माझा फोटो, तोही फोनवरच्या प्रोफाइलचा, भाचीच्या लग्नातला, नथ घातलेला. खाली ‘नाशिकच्या ताईंना प्रचंड मतांनी विजयी करा’ आणि त्याखाली तालमीतल्या पोरांचे चेहरे ओळीने, गॉगल लावलेले. पिशवी कुठेच नव्हती.

दुपारपर्यंत बातमी शिवाजी पेठेत पोचली. तिथे मगदूमांचं डिजिटल लागलं, जुन्या फुटबॉलच्या फोटोसकट, गोल मारल्यावर हात वर केलेला. संध्याकाळी फटाके वाजले. कोणी आधी वाजवले यावरून बाचाबाची झाली. मोटारसायकलींवरून पोरं गल्लोगल्ली फिरून लोकांचे फोन हातात घेऊन मतं टाकत होती. एका आजीबाईंनी मला ओळखून सांगितलं, “मी टाकलो बघ तुला मत.” इकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, ते कानाला फार गोड लागलं. मी विचारलं, “आजी, प्रदर्शन पाहिलंत का?” त्या म्हणाल्या, “कसलं?”

आणि सभागृह रिकामं होतं. हे मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. पंखे फिरतायत, पाच टेबलं, पाच माणसं आपापल्या वस्तूंमागे बसलेली, आणि निखिल हातातल्या फोनवर मतांचा आकडा वाढताना बघून आनंदाने लाल झालेला. “असा रिस्पॉन्स आम्हाला कुठल्याच शहरात मिळाला नाही,” तो म्हणाला. मी म्हटलं, “अहो, इथे कोणी नाही.” तो म्हणाला, “ऑनलाइन बघा ना मॅडम.”

खोटं कशाला लिहू, मला मजा येत होती. माझ्या नावाच्या घोषणा नाशकात कोणी दिल्या नव्हत्या. संध्याकाळी आबांची पोरं मला दूध प्यायला घेऊन गेली. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि पेला फेसासकट हातात देतात. कोमट, गोड, जड दूध. आमच्याकडे दूध म्हणजे पिशवी, इथे दूध म्हणजे म्हैस. पोरं ओठांवरचा फेस पुसत त्या म्हशीच्या पाठीवर थाप मारत होती आणि मगदूमांना कसं पाडायचं ते बोलत होती.

कुरुंदवाड

तिसऱ्या दिवशी सकाळी मगदूम लॉजच्या दारात गाडी घेऊन उभे. मला वाटलं भांडायला आले.

“ताई, तुमी माझ्याइरुद्ध हाईसा, ठीक. खेळ हाय. पर तुमची पिशवी पुराच्या पाण्यात कवा टाकून बघिटलीया का?”

“बादलीत बघितली आहे.”

“चला मग. आमच्याकडं नदी हाय की.”

गेले. राग आला होता म्हणूनच गेले. शहर सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि शिरोळच्या पुढे काळी, सपाट, तुकतुकीत जमीन. एवढी सपाट जमीन बघून मला छान वाटलं. मगदूम म्हणाले की पाणी चढतं तेव्हा याच सपाटीमुळे त्याला अडवायला काही नसतं. घरांच्या भिंतींवर जुन्या पुराची रेघ होती, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. लोकांनी रेघेच्या खालचाच भाग रंगवला होता.

घाटावर उतरून मी माझा फोन, चष्मा आणि पाकीट पिशवीत घातलं, पट्टी आवळली आणि पिशवी पाण्यात सोडली. मगदूमांनी ती बांबूने दाबून धरली, पायाने बुडवली, दगडाला आपटली. वर काढून उघडली तर आत कोरडं खडखडीत. त्यांनी आत हात फिरवला, बोटं तपासली आणि म्हणाले, “नाद खुळा. पिशवी चांगली हाय, ताई.” खरं सांगते, त्या सबंध प्रवासात माझ्या कामाची एवढी नीट परीक्षा घेणारा तो एकच माणूस होता. कंपनीने पिशवी ओली करूनसुद्धा पाहिली नव्हती.

मग त्यांच्या घरी. मोठं, स्वच्छ घर, मागे गोठा. त्यांच्या आईला सगळे अव्वा म्हणतात. तिकडे कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आईची अव्वा आणि थोरल्या बहिणीची अक्का होते. अव्वा ऐंशीच्या पुढच्या, ठेंगण्या, कानाने तिखट. दुपारी ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठची भरली वांगी कांदा-लसणावाचून केलेली, दही, आणि माझ्यासाठी आणलेली बासुंदी. संध्याकाळचं जेवणही उजेड असतानाच उरकतात. मी रात्री दहाला जेवणारी बाई आहे हे ऐकून अव्वांना माझी काळजी वाटली.

गोठ्यात चंद्री होती. म्हातारी म्हैस, एक शिंग वाकडं. अव्वा तिच्या कपाळावर हात ठेवून बोलत होत्या. मागच्या मोठ्या पुरात बोट दारात आली होती. सगळे बसले, अव्वा बसल्या नाहीत.

“मी न्हाई गेलो,” त्या म्हणाल्या. “चंद्री बांदलेली हुती. मी हितंच बसलतो, ह्या गव्हाणीवर. पानी हितवर आलं.” त्यांनी छातीला हात लावला.

“मग?”

“मग ह्यो आला आन् मला पोत्यागत उचलून नेला.”

मगदूम दुसरीकडे बघत उभे होते. निघताना त्यांनी दावी तोडून दिली होती. चंद्री नदीकाठच्या कुठल्याशा उंच मळीवर सापडली. बाकीच्या दोन म्हशी सापडल्या नाहीत. त्या दोघींचं ओरडणं बोटीत ऐकू येत होतं, एवढंच ते बोलले. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक गोठ्याची हीच कथा होती, आणि एका घरातला म्हातारा म्हशीपाशी थांबला तो थांबलाच.

मगदूमांनी ट्रॉली गोठ्याशी आणून लावली. खरा उतार त्यांनी पदरचं घालून एका वेल्डरकडून करून घेतला होता, एकच. घडी उघडली, आणि अव्वांनी चंद्रीचं दावं धरून नुसतं “ये गं” म्हटलं. चंद्रीने पुढचा पाय ठेवला, थांबली, फुरफुरली. मग बंद कठड्यांमधून सरळ वर चढून गेली आणि ट्रॉलीत उभी राहून रवंथ करायला लागली. अव्वा तिच्या मागून चढल्या. कोणाला काही उचलावं लागलं नाही.

मला तिथेच लाज वाटली. माझी पिशवी चांगली आहे, तिच्यात खोट नाही. पण ती घरातून निघालेल्या माणसाच्या कामाची. हा उतार माणसाला घरातून काढणारा होता. असा प्रत्येक गल्लीत एक हवा, आणि तेवढे बनवायला कारखाना हवा, म्हणून हा माणूस आपल्या तापट स्वभावाला मुरड घालून दोन दिवस टेबलामागे बसला होता.

मी तिथूनच निखिलला फोन केला. म्हटलं, इथे या, म्हैस चढताना बघा, मालकांना आणा. तो म्हणाला, “मॅडम, साइट व्हिजिट प्रोसेसमध्ये नाहीये.” म्हटलं, मग माझं नाव काढा. तो म्हणाला, “मतदान सुरू झाल्यावर माघार घेता येत नाही, लोकांच्या भावना आहेत.” कसल्या भावना आहेत, हे मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “इतक्या लोकांचं मत चुकीचं कसं असेल?”

मी मगदूमांना विचारलं, आता काय. ते उताराची घडी बंद करत होते.

“गर्दीला ईचारलं न्हवं? गर्दी मॅचला येती, ताई. पुरात कोण येत न्हाई. ज्येच्या घरात पाणी आलतं, त्येला ईचारा म्हणावं.”

हे वाक्य कंपनीच्या दारावर रंगवून लावायला हवं. कल्पना हजारांकडून मागवाव्यात, जरूर मागवाव्यात. पण कोणती चालते ते ज्याच्या छातीपर्यंत पाणी आलं त्याला विचारावं, आणि वस्तू त्याच्या अंगणात नेऊन चालवून पाहावी. यांनी अवघड काम लोकांकडून फुकट करून घेतलं आणि सोपं काम, म्हणजे जाऊन बघणं, तेवढंही केलं नाही.

विनंती

कोल्हापूरला परतल्यावर मी थेट खानावळीत गेले. आबा भाकऱ्यांचा हिशेब सोडून माझ्यासमोर बसले. मी सगळं सांगितलं. अव्वा, गव्हाण, चंद्री. म्हटलं, तुमच्या पोरांना सांगा, उद्यापर्यंत मतं मगदूमांना द्या. पेठेचं काही जात नाही.

आबांनी मनापासून ऐकलं. ते वाईट माणूस नाहीत. पुरात त्यांच्याच तालमीच्या पोरांनी पाण्यात अडकलेल्या चिखली गावाला भाकरी पोचवल्या होत्या, त्याचाही फोटो भिंतीवर होता. डोळे पुसून ते म्हणाले, “ताई, पाया पडतो. दुसरं कायबी सांगा. आता मागं सरलो तर त्येंचं म्हणणं खरं होतंय.”

“कुठलं म्हणणं?”

“गोल खरा हुता, ह्ये.”

मग त्यांनीच मला विचारलं, अगदी आदराने, खुर्ची पुढे ओढून. “बरं ताई, तुमची आयडिया नक्की काय हाय?”

निकाल

पिशवी जिंकली. चौथ्या दिवशी संध्याकाळी सभागृह पहिल्यांदा भरलं, दोन्ही पेठा दोन बाजूंना, मध्ये पोलीस. नाव पुकारल्यावर हलगी वाजली आणि गुलाल उधळला गेला. मगदूमांच्या पत्र्याच्या म्हशीवर गुलाल पडला, तो त्यांनी रुमालाने पुसला.

माइक हातात आल्यावर मी बोलले. म्हटलं, ही पिशवी मी शिवली आहे म्हणून सांगते, आधी मगदूमांचा उतार बनवा. म्हशी हलल्याशिवाय माणसं हलत नाहीत. मी पाहून आले. एवढंच बोलले, स्पष्ट बोलले, आणि प्रचंड टाळ्या पडल्या. मला क्षणभर वाटलं, जमलं. मग निखिलने माइक घेतला. “हाच ताईंचा मोठेपणा. जिंकूनही इतकी नम्रता.” पुन्हा टाळ्या. कारखान्याचे मालक उठले, माझ्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, “उताराचंही बघूया की.”

खाली उतरल्यावर मी आनंदाने मगदूमांकडे गेले. “ऐकलंत? बघूया म्हणाले.”

मगदूम आपली ट्रॉली खोक्यात भरत होते. “ताई, आमच्यात ‘बघूया की’ म्हंजे न्हाई.”

आमच्या नाशकातही तेच असतं. पण शाल खांद्यावर असताना माणसाला ते आठवत नाही. जाताना त्यांनी मला बासुंदीचा डबा दिला, अव्वांनी पाठवलेला. मी त्यांना आबांचा विषय काढून विचारलं, तो गोल खरंच ऑफसाईड होता का. ते पहिल्यांदा हसले. “व्हय की. सगळ्या गावाला म्हाईत हाय.”

नाशिक

पावसाळ्याच्या आत कारखान्याने पिशवी बनवली, शब्द पाळला. बाहेरून पिवळी, वर त्यांचा शिक्का, आतल्या चिठ्ठीवर माझा नथीतला फोटो आणि ‘लोकांनी निवडलेली, लोकांसाठी’. मला एक खोकं भरून पिशव्या पाठवल्या. शिवण नीट आहे, अस्तर माझ्यापेक्षा चांगलं वापरलं आहे. त्यांच्यात काही दोष काढता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. उताराबद्दल मी दोनदा पत्र लिहिलं. उत्तरात माझ्या सूचनेबद्दल आभार मानले होते आणि पुढच्या स्पर्धेत भाग घेण्याचं निमंत्रण होतं.

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने नदीकाठच्या गावांत पिशव्या फुकट वाटल्या, त्याचे फोटोही आले. फोटोंत कुरुंदवाडची गल्ली मी ओळखली. मगदूमांचा फोन लागत नव्हता. पाणी उतरायला लागल्यावर त्यांचाच आला.

“अव्वा?” मी विचारलं.

“हाईत. जयसिंगपूरला अक्काकडं हाईत. बोलत न्हाईत कुणाशी, पर हाईत.”

मग त्यांनी सांगितलं. उतार एकच. शेजारच्या गल्लीतल्या म्हशी चढवून ट्रॉली उंचावर सोडायला गेली, ती परत यायच्या आत रस्ता पाण्याखाली गेला. त्या गल्लीतल्या सगळ्या वाचल्या. त्यांची गल्ली राहिली. अव्वांना या वेळीही उचलूनच आणावं लागलं.

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. “चंद्री?”

पलीकडे पाण्याचा उपसा करणारी मोटर चालू होती.

“विमा हुता तिचा,” मगदूम म्हणाले. आवाज पहिल्यांदाच हळू होता. “कागदं तुमच्या पिशवीत ठेवलती. पिशवी चांगली हाय, ताई. एक थेंब न्हाई गेला आत.”